शाळेचं कॅन्टीन नव्यानं करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघातले लोक आणि अधूनमधून नववी-दहावीची मुलंसुद्धा आम्हाला जे विचारत असतात, ते इथे एकत्र केलं आहे. आम्ही शाळांच्या इमारतींची कामं करतो. त्यामुळे उत्तरं जागेच्या अंगानं दिली आहेत, आहारतज्ज्ञाच्या भूमिकेतून नाही. सगळं वाचायला वेळ नसेल तर १, ५ आणि ७ तेवढे वाचा.

१. कॅन्टीन चालू आहे, मुलं खातात. मग बदलायचं ते काय?

आधी आठवडाभर मोठ्या सुट्टीत नुसतं उभं राहून बघा. शाळेचा नकाशा हातात घ्या आणि मूल जिथे डबा उघडेल तिथे ठिपका द्या. जिन्याच्या पायऱ्या, सायकल स्टँडची भिंत, प्रयोगशाळेबाहेरचा व्हरांडा इथे ठिपक्यांची गर्दी दिसेल. कॅन्टीनमध्ये कडेची टेबलं भरलेली असतील आणि मधली बरीचशी रिकामी. पायरीवर असं काय मिळतं जे कॅन्टीनमध्ये मिळत नाही, हे शोधायचं. उत्तर बहुतेक वेळा तीन गोष्टींपाशी येतं: रांग, आवाज आणि ‘आता बसू कुठे’ ही धास्ती. भिंतीचा रंग यात कुठेच नसतो, तरी आम्हाला येणारा पहिला फोन हमखास रंगाबद्दल असतो (त्यासाठी प्रश्न ९ पाहा).

२. कॅन्टीनला किती जागा हवी?

बसून खाणाऱ्या प्रत्येक मुलामागे साधारण १० ते १२ चौरस फूट. यात टेबल, बाक आणि मधली वाट आली, स्वयंपाकघर वेगळं. म्हणजे १,२०० चौरस फुटांच्या हॉलमध्ये एका वेळी शंभरेक मुलं. शाळेचा पट हजाराच्या पुढे असेल तर सगळ्यांना एकदम आत बसवायचा हिशेब जुळणारच नाही, आणि तो जुळवायच्या मागे लागूही नका. पेठांमधल्या शाळांना तर जागा वाढवायची सोयच नसते. इयत्तांच्या सुट्ट्या मागेपुढे करणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. शिवाय व्हरांडा, झाडाभोवतीचा पार, गच्चीवरची सावली हेसुद्धा कॅन्टीनच समजा. तिथे बसायला ओटा, जवळ कचऱ्याचा डबा आणि हाकेच्या अंतरावर नळ एवढं दिलं तरी पुष्कळ झालं.

३. आमच्याकडे लाखभर रुपयेच आहेत. सुरुवात कुठून करू?

रांगेपासून, कारण तिथे पैसे जवळजवळ लागतच नाहीत. मग छताला आवाज शोषणारे तक्ते, तेही पूर्ण छताला नाही, जमेल तेवढ्या भागाला. त्यानंतर पंखे आणि दिवे, मग हात धुवायची जागा. उरलेच तर रंग.

फरशी बदलू नका. जुनी शहाबादी किंवा कोटा घासून पॉलिश केली की नव्या टाइल्सपेक्षा चांगली दिसते आणि टिकते (घसरण्याबद्दल प्रश्न १० पाहा). पीओपीचं फॉल्स सीलिंगही नको. त्यानं उंची जाते, उकाडा वाढतो आणि साध्या पीओपीनं आवाजही कमी होत नाही.

४. मुलांना विचारलं तर ती ‘पिझ्झा ठेवा’ एवढंच म्हणतात. त्यांचं मत घ्यायचं तरी कसं?

‘काय हवं’ विचारलंत तर पिझ्झाच मिळणार. ‘कुठे’ आणि ‘कधी’ विचारा. नकाशाची प्रत द्या आणि सांगा: जिथे बसायला आवडतं तिथे हिरवी खूण, जिथे जायचं टाळता तिथे लाल. नावं लिहायची नाहीत. लाल खुणा कुठे साचतात ते बघितलं की अर्धं काम होतं. वारंवार दिसणाऱ्या गोष्टी अशा: पाठ भिंतीला लागेल आणि डब्यात मागून कुणी डोकावणार नाही अशी जागा, दप्तर ओल्या फरशीवर टेकवावं लागू नये, आणि वरच्या वर्गातल्या मुलांच्या घोळक्यातून वाट काढत पाण्यापर्यंत जावं लागू नये.

वर्गाचे प्रतिनिधी आणि वक्तृत्व स्पर्धावाले यांच्यावरच थांबू नका, ती मुलं कुठेही बसून जेवतात. जी कॅन्टीनमध्ये पाऊलच टाकत नाहीत, त्यांना शोधून विचारा. आणि टेबलं पुसणाऱ्या मावशींना जरूर विचारा. कोणत्या टेबलाखाली पोळी सापडते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

५. विक्रीच्या खिडकीसमोर झुंबड उडते. रांग कमी कशी करायची?

आधी गणित करा. एका मुलाला पैसे देणं, सुटे घेणं, पदार्थ सांगणं आणि हातात घेणं यात २० सेकंद जातात असं धरा. ९० मुलं असतील तर १,८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास. मोठी सुट्टीच तेवढी असते. म्हणजे शेवटच्या मुलाच्या हातात वडा पडतो तेव्हा घंटा होते. मग मुलं ढकलाढकली करतात आणि आपण त्यांना शिस्त नाही म्हणतो.

पैसे देणं आणि पदार्थ घेणं वेगळं करा. शाळेत मुलांकडे मोबाइल नसतो, त्यामुळे यूपीआयचा उपयोग मर्यादित. छापील कुपनांची पुस्तकं सकाळी शाळा भरायच्या आधी किंवा छोट्या सुट्टीत विकायची. खिडकीवर फक्त कुपन द्यायचं आणि पदार्थ घ्यायचा. यानं माणशी वेळ ८ सेकंदांवर आला आणि खिडक्या दोन केल्या, तर तीच ९० मुलं ६ मिनिटांत मोकळी होतात. दुसरी खिडकी काढायला भिंत फोडावी लागतेच असं नाही. गरम पदार्थ खिडकीत, आणि राजगिऱ्याचा लाडू, फळं, ताक असं तयार सामान बाहेर एका टेबलावर.

रांग उभी कुठे राहते तेही बघा. बऱ्याच ठिकाणी ती दारातून आडवी जाते, त्यामुळे डबा घेऊन आलेल्या मुलालाही रांगेतून घुसावं लागतं. रांग भिंतीच्या कडेनं, दार मोकळं. खिडकीचा ओटा ३ फुटांवर असेल तर पाचवीच्या मुलाला तो उंच पडतो. एक खिडकी तरी अडीच फुटांवर घ्या.

६. जेवायला प्रत्यक्षात किती वेळ मिळायला हवा?

टेबलाशी बसल्यापासून निदान २० मिनिटं. हार्वर्डच्या संशोधकांचा २०१५ मधला अमेरिकन शाळांवरचा अभ्यास आहे. त्यात २० मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळालेल्या मुलांनी मुख्य पदार्थ १३ टक्के, दूध १० टक्के आणि भाजी १२ टक्के कमी खाल्ली. इलिनॉय विद्यापीठाच्या २०२१ मधल्या प्रयोगात १० आणि २० मिनिटांची तुलना केली, तेव्हाही कमी वेळात फळं आणि भाज्याच सर्वांत आधी मागे राहिल्या. आपल्याकडे डब्यात भाजी-पोळी असली तरी कारण तेच लागू पडतं: घाईत मूल पोळीचा रोल करून खातं आणि काकडी-गाजर डब्यातच परत जातं.

वेळापत्रकात अर्धा तास लिहिलेला असतो. त्यातून जिने उतरणं, हात धुणं आणि रांग वजा करा. उरेल ती खरी सुट्टी.

७. कॅन्टीनमध्ये इतका गोंगाट असतो की डोकं उठतं. मुलांनाच गप्प करायचं का?

नाही. दोष खोलीचा आहे. फरशी दगडी, भिंती प्लास्टरच्या, वर स्लॅब, टेबलांवर सनमायका आणि हातात स्टीलचे डबे. आवाज शोषणारं काहीच नाही, त्यामुळे तो भिंतीभिंतींवरून फिरत राहतो. शेजारच्याला ऐकू जावं म्हणून मूल आवाज चढवतं, पलीकडचं टेबल त्याहून चढवतं. शिक्षक शिट्टी वाजवतात, ती त्यात भर.

आवाज विरायला किती वेळ लागतो याचं जुनं सूत्र आहे, अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइनचं: खोलीचं घनमीटरमधलं आकारमान गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (खोलीतले सगळे पृष्ठभाग मिळून किती आवाज शोषतात तो आकडा). १२ मीटर लांब, ९ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच असा रिकामा कडक हॉल घेतला, तर उत्तर येतं साधारण ४ सेकंद. त्याच हॉलच्या छताला ६० चौरस मीटर चांगले शोषक तक्ते लावले की ते १ सेकंदाच्या आसपास उतरतं. छत १०८ चौरस मीटरचं आहे, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त झाकलं तरी एवढा फरक पडतो. पहिल्या दिवशी मुलांना नेमकं काय झालं ते कळत नाही, पण खिडकीपाशी मागवलेला पदार्थ दुसऱ्यांदा ओरडून सांगावा लागत नाही.

लाकडाच्या तंतूंचे सिमेंटमध्ये दाबलेले बोर्ड किंवा जुन्या बाटल्यांपासून बनवलेलं पॉलिस्टरचं जाड फेल्ट, दोन्ही चालतात. विकत घेताना आगीबाबतचं प्रमाणपत्र मागा. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे मात्र अजिबात नकोत. ते आवाज फारसा शोषत नाहीत आणि पेटतात झटकन. बुरुड आळीतून बांबूची चटई आणून लावायची कल्पना अनेकांना सुचते. दिसते छान, पण नुसत्या पातळ चटईनं आवाज कमी होत नाही. चटईमागे फेल्ट हवं, आणि स्वयंपाकघराच्या बाजूला ती लावूच नये.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे बाकांच्या आणि खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट. बोहरी आळीत किलोवारी मिळतात. दगडावर लोखंड घासल्याचा तो करकराट थांबतो आणि खालच्या मजल्यावरचे वर्ग दुवा देतात.

८. बाकं ठेवावीत, गोल टेबलं, की सरळ जमिनीवर पंगत?

एकाच प्रकारचं फर्निचर सगळीकडे, ही चूक टाळा. आठ-दहा जणींचा घोळका असतो, दोघंच जिवलग असतात आणि ज्याला आज कुणाशी बोलायचं नाही तोही असतो. लांब टेबलं, काही चौघांची टेबलं आणि खिडकीला किंवा मैदानाकडे तोंड करून भिंतीलगत एक लांब ओटा, असं मिश्रण ठेवा.

त्या ओट्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण खर्चाच्या मानानं सर्वांत मोठा बदल तो घडवतो. आठ जणांच्या टेबलावर एकटं बसलेलं मूल सगळ्या हॉलला एकटं दिसतं. तेच मूल ओट्यावर खिडकीबाहेर बघत खात असेल तर कुणाचं लक्षही जात नाही. शेजारी आणखी दोघं तशीच येऊन बसतात आणि कधीकधी बोलायलाही लागतात. काही शाळा ‘मैत्रीचं टेबल’ अशी पाटी लावून एक कोपरा ठेवतात. हेतू चांगला, पण चौदा वर्षांच्या मुलाला त्या पाटीखाली जाऊन बसायला सांगणं म्हणजे सगळ्यांदेखत जाहीर करणं. पाटी नको, ओटा द्या.

मापं: मोठ्या मुलांना टेबल २९ इंच, बाक १७ ते १८ इंच. पाचवी-सहावीसाठी दोन्ही थोडी खाली. टेबल आणि बाक यांत ११-१२ इंचांचा फरक राहिला पाहिजे. पाठीला पाठ लावून बसणाऱ्या दोन रांगांमध्ये साडेचार ते पाच फूट ठेवा, नाहीतर मधून जाणाऱ्याचा सांबार कुणाच्या तरी गणवेशावर सांडणार. गोल टेबलं फोटोत छान दिसतात, पण कोपरे वाया घालवतात.

सतरंजीवरची पंगत प्राथमिकच्या मुलांना आवडते. स्कर्ट घालणाऱ्या मोठ्या मुलींना तिथे अवघडायला होतं. त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

९. रंग कोणता द्यावा? लाल-पिवळ्यानं भूक वाढते म्हणतात.

म्हणतात खरं. त्यावर विसंबून हजारो रुपये घालवण्याएवढा भक्कम आधार आम्हाला दिसलेला नाही. खाली चार फुटांपर्यंत धुता येणारा ऑइलपेंट, वर उजळ फिका रंग आणि एखादी भिंत मुलांच्या हाती. सफरचंदाला डोळे-तोंड काढू नका. दहावीच्या मुलांना ते बालवाडीतलं वाटतं. दिवे निळसर पांढरे नकोत, ३,००० ते ४,००० केल्व्हिनमधले, म्हणजे पिवळसर ते साधे पांढरे घ्या. वरणाचा पिवळा रंग पिवळाच दिसला पाहिजे.

रंग देण्याआधी भिंतींवरच्या पाट्या मोजा. ‘बोलू नये’, ‘सांडू नये’, ‘येथे थांबू नये’, ‘उधार मागू नये’. पुण्यात आहोत म्हणून पाट्यांची हौस समजू शकते. पण आत पाऊल टाकताच भिंतीच हाकलू लागल्या तर बदललेल्या टेबलांचा उपयोग काय? कचरा कुठे टाकायचा आणि कुपन कुठे मिळतं, एवढ्या दोन पाट्या बस.

१०. पावसाळ्यात चिखल आणि मार्चनंतर भट्टी. दोन्हीला एकत्र तोंड कसं द्यायचं?

शाळा जूनच्या मध्यात पावसाबरोबरच उघडते, त्यामुळे पहिली परीक्षा पावसाचीच. दाराबाहेर छपराखाली रेनकोट-छत्र्यांना खुंट्या आणि खाली पाणी निथळायला पन्हळ. दारात काथ्याचं जाड पायपुसणं, तेही दोन-तीन पावलं पडतील एवढं लांब. आरशासारखी चकचकीत कोटा ओली झाली की घसरते, म्हणून दारापाशी आणि नळापाशी खरबरीत फिनिश ठेवा. पश्चिमेकडच्या उघड्या जाळीतून झड आत येते, तिथे झुकती झडप हवी. जाळी बुजवून टाकू नका, उन्हाळ्यात वारा तिथूनच येतो.

उन्हाळ्यात त्रास पत्र्याच्या शेडचा. पत्र्याला वरून पांढरा परावर्तक रंग द्या. भिंतीच्या वरच्या टोकाला गरम हवा बाहेर जायला झरोके किंवा एक्झॉस्ट पंखा हवा, नाहीतर छताचे पंखे तीच गरम हवा खाली ढकलत राहतात.

११. नळ किती आणि कुठे?

१०० मुलं, प्रत्येकी १५ सेकंद, नळ पाच: पाच मिनिटं. यावरून तुमचा आकडा काढा. नळ आत जायच्या वाटेवर हवेत. आडबाजूला असले की हात न धुताच डबा उघडला जातो. पिण्याचं पाणी हात धुण्याच्या टबापासून वेगळं ठेवा, कारण पाण्याची बाटली भरणारा आणि खरकटे हात धुणारा एकाच नळावर भेटले की भांडण ठरलेलं. टबाच्या मोरीवर काढता येणारी जाळी बसवा. शित आणि पोह्यांनी तुंबलेली मोरी हेच कॅन्टीनच्या वासाचं मुख्य कारण असतं.

१२. कॅन्टीनमध्ये काय विकता येत नाही? गेटबाहेरच्या वडापावच्या गाडीचं काय?

एफएसएसएआय, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार संपृक्त मेद, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायला मनाई आहे. अशा पदार्थांची जाहिरातही चालत नाही. त्यामुळे शीतपेयाच्या कंपनीनं फुकट दिलेला, तिचं नाव मिरवणारा फ्रिज नाकारा. कॅन्टीन शाळा चालवो की ठेकेदार, एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतोच. सीबीएसईनं २०२५ मध्ये शाळांना साखरेच्या प्रमाणाची माहिती देणारे फलक लावायलाही सांगितलं आहे.

गेटबाहेरच्या गाडीवर कारवाई शाळा करू शकत नाही, ते काम अन्न सुरक्षा अधिकारी आणि महापालिकेचं. शाळेच्या हातात आहे ते आतलं खाणं बेचव होऊ न देणं. थालीपीठ, भाज्या घातलेलं उपीट, इडली, उसळ, ताक, चाट मसाला भुरभुरलेली फळं यांत कंटाळवाणं काही नाही, फक्त गरम आणि वेळेत मिळालं पाहिजे (प्रश्न ५). घरून आणलेल्या डब्याला हे नियम लागू नाहीत. डबे तपासून ‘मॅगी आणली’ म्हणून मुलाला सर्वांसमोर बोलू नका.

१३. भाज्यांना गमतीदार नावं दिली, फळांवर स्टिकर लावले की मुलं जास्त खातात, असा अमेरिकन अभ्यास वाचला. करून बघावं का?

गंमत म्हणून करा, अभ्यासाच्या भरवशावर नको. हे बहुतेक काम कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॉन्सिंक यांचं. त्यांचे अनेक शोधनिबंध मागे घेतले गेले, २०१८ च्या सप्टेंबरमध्ये तर एकाच दिवशी सहा. विद्यापीठाच्या चौकशीत गैरप्रकार आढळले आणि त्यांनी राजीनामा दिला. सफरचंदावर कार्टूनचा स्टिकर लावायचा तो गाजलेला निबंध ८ ते ११ वर्षांच्या मुलांचा म्हणून छापला होता. प्रत्यक्षात ती मुलं ३ ते ५ वर्षांची होती. तो २०१७ मध्ये मागे घेतला. तरी हीच माहिती सुबक स्लाइड्समध्ये घालून शाळांना विकणारे सल्लागार अजून भेटतात.

त्यातून एवढंच घ्या की फळं डोळ्यांसमोर, हाताशी आणि कापून ठेवावीत. अख्खा पेरू घेऊन मूल काय करणार? फोडी करून तिखटमीठ लावलं की संपतो.

१४. परदेशातल्या शाळांचा नमुना जसाच्या तसा आणता येईल का?

जसाच्या तसा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा-जिल्ह्यानं २०१३ मध्ये आयडिओ या डिझाइन कंपनीबरोबर केलेलं काम मात्र बघण्यासारखं आहे. त्यांनी सगळ्यांना एकच कॅफेटेरिया न देता लहान, मधल्या आणि मोठ्या मुलांसाठी जेवणाच्या तीन वेगळ्या पद्धती सुचवल्या: लहानांना एकत्र बसून वाढून घेणं, मोठ्यांना हवं ते पटकन उचलून हव्या त्या जागी जाणं. वयानुसार गरज बदलते, ही गोष्ट इथेही खरी आहे. जपानमध्ये बहुतेक शाळांत मुलं वर्गातच जेवतात आणि वाढण्याचं काम पाळीनं करतात. जागाच नसलेल्या शाळेला हा विचार जास्त उपयोगी.

१५. व्हीलचेअर वापरणारं एकच मूल आहे. सगळं त्याच्यासाठी बदलायचं का?

हो, आणि फार बदलावं लागत नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानंतर हा ऐच्छिक विषयही राहिलेला नाही. वाट निदान ३ फुटांची, वळायला ५ फूट मोकळी जागा, उतार १२ फुटांना १ फूट. बाक टेबलालाच जोडलेले असतील तर व्हीलचेअर आत सरकत नाही, म्हणून काही टेबलांची एक बाजू मोकळी ठेवा. ही जागा कडेला किंवा दाराशी ‘राखीव’ ठेवू नका, मित्रांच्या टेबलांमध्येच असू द्या. अडीच फुटांची खिडकी (प्रश्न ५) इथेही उपयोगी पडते.

१६. शाकाहारी-मांसाहारी टेबलं वेगळी ठेवायची मागणी काही पालक करतात. उपवासाच्या दिवसांचं काय?

वाढण्याची भांडी, चमचे, शिजवण्याचा ओटा वेगळा ठेवणं रास्त आहे आणि ते करावं. बसण्याच्या जागा वेगळ्या करण्याचं मात्र आम्ही समर्थन करत नाही. मग मूल मित्रापाशी बसायचं की डब्याच्या रंगानुसार, हे पाटी ठरवू लागते. टेबलावर पुसणी आणि पाणी ठेवा, टेबल दोन जेवणांच्या मधे पुसलं जाईल याची हमी द्या. बहुतेक हरकत तिथेच विरते. अंड्याला किंवा शेंगदाण्याला ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वर्गशिक्षक, पालक आणि स्वयंपाकी यांनी मिळून लेखी ठरवावं. आपल्या खाण्यात शेंगदाण्याचं कूट कुठे कुठे असतं, ते आठवून बघा.

चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, रमजान, पर्युषण: न खाणारी मुलं वर्षभर कुणी ना कुणी असतातच. सुट्टीत सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसायची सक्ती करू नका आणि त्या वेळी ग्रंथालय उघडं ठेवा.

१७. आमची इमारत जुनी, दगडी आहे. काय जपायचं?

शहराच्या मध्यभागातल्या काही शाळा एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या आहेत. इमारत वारसा यादीत असेल तर काम सुरू करण्याआधी महापालिकेच्या वारसा विभागाकडे जा, आतलं काम असलं तरी. चुन्याच्या गिलाव्यावर ऑइलपेंट देऊ नका. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही आणि दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात. प्रश्न ९ मधला चार फुटांचा पट्टा इथे लागू नाही. तिथे भिंतीपासून थोडा सुटा, पाठ टेकता येईल असा लाकडी किंवा दगडी पट्टा करा. छताचे तक्ते लाकडी तुळयांना टांगण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. दगडात भोकं पाडू नका, फर्निचर सुटंच ठेवा.

१८. कॅन्टीनचा हॉल स्नेहसंमेलनाला आणि परीक्षेलाही लागतो. मग?

घडीची टेबलं घ्या, पण दोन मुलांना सहज उचलता येतील एवढ्याच वजनाची. ठेवायची खोली आधी ठरवा, टेबलं नंतर घ्या. भिंतीलगतचा ओटा कायमचा राहिला तरी कशाच्या आड येत नाही.

१९. ठेकेदार म्हणतो, हे सगळं परवडत नाही. त्याला कसं समजवायचं?

आराखडा झाल्यावर त्याला बोलावलंत तर तो नाहीच म्हणणार. पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कुपनांनी त्याला सकाळीच आकडा कळतो, उरलेला माल कमी होतो, हा त्याचाच फायदा. शाळा जास्त भाडं घेत असेल तर तो ते तेल आणि मैद्यातूनच वसूल करणार. भाडं कमी करून करारात पदार्थांची यादी, तेल बदलण्याची अट आणि स्वच्छतेची जबाबदारी लिहून घ्या. सिलिंडर १९ किलोचे व्यावसायिकच हवेत, घरगुती १४.२ किलोचे नाहीत, आणि तेही मुलांच्या वाटेपासून दूर, बाहेर जाळीच्या कपाटात.

२०. यासाठी फी वाढवता येईल का?

शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्याखाली फीवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर जावा लागतो. कॅन्टीनच्या रंगरंगोटीसाठी ती लढाई कशाला ओढवून घ्यायची? कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी शिक्षणासाठी मिळू शकतो, कागदपत्रं पूर्ण असतील तर. माजी विद्यार्थी उत्साहानं मदत करतात, फक्त वस्तू नको, रक्कम मागा. नाहीतर कुणाच्या तरी ऑफिसातले जुने सोफे तुमच्या कॅन्टीनमध्ये येतात आणि देणाऱ्याच्या भीडेनं काढताही येत नाहीत.

२१. इतकं छान केलं तर मुलं तिथेच बसून तास बुडवतील ना?

खिडकीची वेळ पाळली आणि घंटेनंतर दिवे मंद केले की उठतात. आडोसे साडेतीन फुटांपेक्षा उंच नकोत, म्हणजे बसलेल्यांना आडोसा मिळतो आणि उभ्या शिक्षकांना सगळं दिसतं. शिक्षकांनीही अधूनमधून तिथेच बसून जेवावं. खुर्चीवरून पहारा देण्यापेक्षा बरं.

२२. कचरा आणि खरकट्याची व्यवस्था?

कचऱ्याच्या डब्यांची जागा बाहेर पडायच्या वाटेवर, ओला आणि सुका वेगळा, डब्याचं तोंड मोठं. प्लॅस्टिकचे चमचे-प्लेटा २०१८ पासून राज्यात बंद आहेत. स्टीलच्या प्लेटा घ्या आणि त्या धुवायला माणूस द्या, मुलांकडून ‘श्रमदान’ म्हणून सगळ्यांच्या प्लेटा धुवून घेऊ नका. ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताई शाळेत येत असतील तर डबे कुठे ठेवायचे हे त्यांच्याशी बोलून ठरवा.

२३. बदल जमला की नाही, हे कसं कळणार?

प्रश्न १ मधला नकाशा परत काढा. मग तीन गोष्टी टिपा: रांगेतल्या शेवटच्या मुलाला खाणं मिळालं ती वेळ, सुट्टी संपल्यावर ओल्या कचऱ्याच्या डब्याचं वजन, आणि भिंतीलगतच्या ओट्यावर (प्रश्न ८) किती मुलं बसली. ही मोजणी उद्घाटनाच्या आठवड्यात करू नका, तेव्हा सगळेच येतात. ऑगस्टमधल्या एखाद्या ओल्या मंगळवारी करा. जिन्यावर तेव्हाही ठिपके दिसले तर जिना झाडून घ्या आणि तिथेही एक कचऱ्याचा डबा ठेवा.